हळद डोळ्याचा कॅन्सर मारते? हो, पण बशीत!

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगलीच्या मावशीचा फॉरवर्ड आला. पिवळ्याधमक हळकुंडांचा फोटो आणि त्यावर लाल अक्षरांत 'डोळ्यांचा कॅन्सर हळदीने बरा होतो, शास्त्रज्ञांनी केलं सिद्ध!' खाली नेहमीचं, 'दहा जणांना पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल.' लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. सांगलीच्या माणसाला हळदीचं कौतुक असणारच, तिथल्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय.

मी सवयीने 'फेक आहे गं मावशी' असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी एकदा शोधून बघितलं. मग ते खोडलं. कारण हा फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही. हळदीतल्या कर्क्युमिनने डोळ्याच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, हे प्रयोगशाळेत खरंच दिसलंय, तेही आपल्याच देशात, चेन्नईला. गोम आहे ती 'पेशी' आणि 'पेशंट' या दोन शब्दांमध्ये.

आधी कॅन्सर कोणता ते बघू

डोळ्याचा कॅन्सर एकाच प्रकारचा नसतो. मोठ्या माणसांमध्ये डोळ्याच्या आतल्या रंगपेशींचा मेलानोमा होतो, पापणीचा कॅन्सर होतो, बुबुळाच्या बाजूच्या पातळ आवरणाचाही होतो. चेन्नईच्या संशोधनातला कॅन्सर मात्र लहान मुलांचा आहे. त्याचं नाव रेटिनोब्लास्टोमा.

डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर समोरचं चित्र उमटतं, तो रेटिना. बाळ पोटात असताना आणि जन्मानंतर सुरुवातीच्या काळात या पडद्याच्या पेशी घडत असतात. पुरेशी वाढ झाली की थांबायचं, हे त्यांना सांगणारं एक जनुक असतं, आरबी१. ते १३व्या गुणसूत्रावर असतं आणि प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही बिघडल्या की उतारावर सायकलचे दोन्ही ब्रेक तुटल्यासारखं होतं. अल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ मध्ये हा 'दोन फटक्यांचा' सिद्धांत मांडला, तो याच आजाराच्या मुलांच्या नोंदींवरून. पुढे १९८६ मध्ये ते जनुक हाती लागलं.

साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा कॅन्सर होतो, बहुतेकदा पाच वर्षांच्या आत. म्हणजे दुर्मीळ. पण आपल्याकडे जन्मच इतके होतात की जगात या आजाराची सर्वाधिक मुलं भारतात सापडतात.

चेन्नईच्या बशीत काय घडलं?

रेटिनोब्लास्टोमावर प्रयोग करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये 'वाय-७९' नावाच्या पेशी वापरतात. १९७१ मध्ये अडीच वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यातल्या गाठीपासून त्या वाढवल्या गेल्या. कॅन्सरच्या पेशी नीट खाऊपिऊ घातल्या तर विभागत राहतात, त्यामुळे ५० वर्षांनंतरही या पेशी काचेच्या, प्लास्टिकच्या बशांमध्ये जिवंत आहेत. त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मी शोधलं नाही. धीर झाला नाही.

चेन्नईच्या शंकर नेत्रालयाशी जोडलेल्या व्हिजन रिसर्च फाउंडेशनमधल्या संशोधकांनी याच पेशींवर कर्क्युमिन टाकून बघितलं. २००९ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांचे यावर अनेक शोधनिबंध आले. आणि गंमत म्हणजे त्यांचा प्रश्न 'हळदीने कॅन्सर बरा होतो का' असा नव्हताच.

त्यांचा प्रश्न पंपाचा होता. कॅन्सरच्या काही पेशी भारी हुशार असतात. केमोचं औषध आत आलं की भिंतीतल्या प्रथिनांच्या पंपाने ते बाहेर फेकून देतात. पावसाळ्यात सोसायटीच्या तळघरात पाणी शिरलं की मोटार लावून उपसतात ना, तसंच. औषध आत टिकत नाही, पेशी मरत नाही आणि डॉक्टर म्हणतात, 'केमोला दाद देत नाहीये.' कर्क्युमिन दिल्यावर वाय-७९ पेशींमध्ये औषधाला दाद न देण्याशी जोडलेली अशी प्रथिनं कमी झाल्याचं या संशोधकांना दिसलं. पेशीतल्या जनुकांना गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएंवरही त्याचा परिणाम दिसला. चीनमधल्या संशोधकांनी नंतर याच पेशींवर वेगळ्या बाजूने काम केलं. कर्क्युमिनमुळे पेशीचा आत्मनाशाचा कार्यक्रम सुरू होतो आणि तो कोणत्या साखळीतून होतो, हे त्यांनी दाखवलं.

म्हणजे काम खरं आहे, निष्कर्षही खरे आहेत. फक्त ते बशीतले आहेत. बशीत फिनेल टाकलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात, हे विसरून चालत नाही. औषध म्हणायचं तर त्याने कॅन्सरच्या पेशी मारायला हव्यात, शेजारच्या चांगल्या पेशी सोडायला हव्यात आणि मुळात तिथवर पोचायला हवं. हळदीचं घोडं अडतं ते या शेवटच्या अटीवर.

पाव किलो हळद आणि एक कुलूपबंद डोळा

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन किती? वजनाच्या साधारण तीन टक्के. चहाचा एक चमचा हळद म्हणजे सुमारे तीन ग्रॅम धरली, तर त्यात कर्क्युमिन जेमतेम ९० मिलिग्रॅम. हळदीच्या दुधात आपण एवढी हळदही घालत नाही.

२००१ मध्ये तैवानमधल्या डॉक्टरांनी कॅन्सर होण्याचा धोका असलेल्या पेशंटना शुद्ध कर्क्युमिनच्या गोळ्या दिल्या, रोज आठ ग्रॅमपर्यंत. तेवढं कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. एवढं देऊनही रक्तात कर्क्युमिनचं प्रमाण सरासरी १.७७ मायक्रोमोलरच्या वर गेलं नाही. मायक्रोमोलर हे द्रवात एखादा पदार्थ किती आहे ते मोजायचं एकक. बशीतल्या प्रयोगांमध्ये पेशींना सहसा १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन दिलेलं असतं. म्हणजे पाव किलो हळदीएवढं पोटात घालूनही बशीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत आपण पोचत नाही. जे आतड्यातून शोषलं जातं तेही यकृत पटापट बदलून बाहेर काढतं.

'मग मिरी घाला ना!' हे उत्तर ग्रुपवर येणारच होतं, आलंच. त्यालाही खरा आधार आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिरीतलं पाइपरिन सोबत दिलं तर माणसांमध्ये कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण मुळात खिशात पाच पैसे असतील आणि ते वीसपट झाले, तरी रुपयाच होतो. त्या प्रयोगातही रक्तातली पातळी काही काळ वाढून पुन्हा खाली आली.

आणि हे झालं रक्तापर्यंतचं. डोळ्याचा पडदा रक्तातून येणारं सगळं आत घेत नाही. मेंदूला असते तशी त्यालाही एक नैसर्गिक चाळणी असते, बरीचशी रसायनं ती दारातूनच परत पाठवते. ही चाळणी इतकी चोख आहे की खऱ्या केमोच्या औषधांनाही तिचा त्रास होतो. म्हणून आता काही ठिकाणी मांडीच्या रक्तवाहिनीतून केसासारखी बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन तिथे औषध सोडतात. दोन वर्षांच्या बाळाच्या! त्याच्या तुलनेत हळदीचं दूध म्हणजे बोरिवलीच्या माणसाला कोल्हापुरातून हाक मारण्यासारखं.

कर्क्युमिनची आणखी एक अडचण आहे, ती कमी लोकांना माहीत असते. हे रसायन प्रयोगशाळेला चकवतं. ते स्वतः पिवळं असतं, प्रकाश टाकला की चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि साध्या द्रावणात काही मिनिटांत तुटायला लागतं. त्यामुळे अनेक चाचण्यांमध्ये ते 'काम करतंय' असं भासतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात कर्क्युमिनचा सविस्तर पंचनामा झाला. तोवर माणसांवर १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. निम्म्या पेशंटना कर्क्युमिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी, आणि कोणाला काय दिलंय हे डॉक्टरलाही माहीत नाही, अशा कडक पद्धतीच्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरलेलं नाही, असं त्या लेखकांनी लिहिलं. यावर वाद आहेत, काम चालूही आहे. अतिसूक्ष्म कणांमध्ये भरून कर्क्युमिन आत नेता येईल का, हे तपासणारे लोक आहेत. कदाचित जमेलही. पण रेटिनोब्लास्टोमाच्या मुलांसाठी ते आज उपचार नाही.

हळदीवर टीका केली की आपल्याकडे लोक चिडतात, आणि त्यामागची भावना मला कळते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. ती लढाई रास्तच होती. पण ती मालकीची लढाई होती, डोळ्याच्या कॅन्सरची नव्हती.

जे झाड खरंच कामाचं, ते तुमच्या कुंडीत असेल

इथे गोष्ट वळण घेते. वनस्पतीतल्या रसायनाने रेटिनोब्लास्टोमा बरा होतो का? होतो. रोज होतो. ज्या तीन औषधांची केमो या मुलांना जगभर दिली जाते, त्यातली दोन वनस्पतींकडून आलेली आहेत. कार्बोप्लाटिन हे धातूचं. एटोपोसाइडचं मूळ पोडोफायलम नावाच्या वनस्पतीत, तिची एक जात आपल्या हिमालयात वाढते. आणि तिसरं व्हिन्क्रिस्टिन. ते येतं सदाफुलीतून.

हो, तीच सदाफुली. गुलाबी, पांढरी, दारातली, बाल्कनीतली, कोणी पाणी घातलं नाही तरी फुलणारी.

१९५२ मध्ये कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांना त्यांच्या डॉक्टर भावाने एक पाकीट पाठवलं. त्यात सदाफुलीची २५ पानं होती. ती जमैकातून आलेली. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा चहा पीत. (आपल्याकडेही सकाळी उठून सदाफुलीची पानं चावणारे काका असतातच.) नोबल यांनी उंदरांवर बघितलं, तर साखर काही कमी होईना. पानांचा अर्क टोचल्यावर मात्र उंदीर संसर्गाने मरायला लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. दुसरा कोणी असता तर पाकीट फेकून दिलं असतं. यांनी उलटा विचार केला. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच ब्लड कॅन्सर, मग तिथे हे चालेल का? चार्ल्स बीअर यांच्यासोबत त्यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं. अमेरिकेतल्या एलाय लिली कंपनीतही सदाफुलीवर काम चालू होतं, तिथून व्हिन्क्रिस्टिन आलं. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

ते काय करतं? पेशी विभागताना गुणसूत्रांच्या दोन वाटण्या होतात. त्या ओढून दोन टोकांना नेणारे सूक्ष्म दोर असतात. व्हिन्क्रिस्टिन ते दोर विणूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. जी जास्त वेगाने विभागते तिला जास्त फटका, म्हणून कॅन्सरला.

हे सगळं मी मावशीला व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. तिने पाच मिनिटांत स्वतःच्या कुंडीचा फोटो पाठवला. 'अगं मग ही पानं उकळून प्यायची का?'

नाही मावशी, अजिबात नाही. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन मिळवायला शेकडो किलो सुकी पानं लागतात. दहा किलोच्या बाळाला एका वेळी त्यातलं अर्धा मिलिग्रॅम देतात, शिरेतून, वजन मोजून. जरा जास्त झालं तर नसा दुखावतात, पाऊल उचलता येत नाही, आतडी थंडावतात. हेच औषध शिरेऐवजी चुकून मणक्यातल्या पाण्यात गेलं तर जीव घेतं. पानात व्हिन्क्रिस्टिनसोबत आणखी शंभराहून जास्त अल्कलॉइड असतात आणि कुठल्या कुंडीतल्या पानात काय किती, ते कोणीच सांगू शकत नाही.

नंदुरबारचे वाणी, सह्याद्रीतला नरक्या

केमोनंतरही डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात गाठीचे सुटे कण तरंगत राहिले, तर डॉक्टर कधी कधी थेट डोळ्यात टोपोटिकॅन नावाचं औषध टोचतात. त्याच्या मुळाशी कॅम्प्टोथेसिन आहे. ते चीनमधल्या एका झाडातून १९६६ मध्ये वेगळं काढणाऱ्या जोडीतले एक होते मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले. टॅक्सॉल हे आणखी एक गाजलेलं कॅन्सरचं औषधही याच जोडीचं. नंदुरबारमध्ये किती जणांना हे माहीत असेल, मला शंका आहे. मलाही या लेखासाठी शोधेपर्यंत माहीत नव्हतं.

पुढे १९७२ मध्ये हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात भरपूर असल्याचं रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं. ते झाड म्हणजे नरक्या. फुलांना घाण वास, म्हणून नाव असं. कॅन्सरचं औषध मिळतं म्हटल्यावर त्याच्यावर कुऱ्हाड पडली. कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड आणि तस्करी पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

पण कॅम्प्टोथेसिन जसंच्या तसं माणसांना देऊन बघितलं तेव्हा काय झालं? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पेशंटच्या लघवीच्या पिशवीतून रक्तस्राव व्हायला लागला, चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते नेमकं काम कसं करतं, हे १९८५ मध्ये कळलं. डीएनए म्हणजे पीळ दिलेली सुतळी. ती उलगडताना पीळ घट्ट होतो, म्हणून एक एन्झाइम एक पदर कापतं, पीळ सोडतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापल्यानंतर तिथे पाचरीसारखं बसतं, पदर जोडलाच जात नाही. हे कळल्यावर रेणूत बदल करून तो पाण्यात विरघळेल आणि कमी त्रास देईल असा केला, तो टोपोटिकॅन. १९९६ मध्ये मान्यता. झाडापासून औषधापर्यंत ३० वर्षं लागली. कर्क्युमिन या रस्त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर आहे, आणि फॉरवर्ड सांगतो की ते पोचलंसुद्धा.

आता मुद्द्याचं

भाजीत, दुधात हळद घाला, काही बिघडत नाही. मी काळजीत पडले ती दुसऱ्याच कारणाने. या कॅन्सरमध्ये वेळ हाच उपचार असतो.

२०१७ या एका वर्षात निदान झालेल्या १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांचा अभ्यास पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळी मूल साधारण १४ महिन्यांचं होतं, सर्वांत गरीब देशांत साडेतीस महिन्यांचं. निदान होईपर्यंत कॅन्सर शरीरात दूरवर पसरलेला होता, अशी मुलं श्रीमंत देशांत ०.३ टक्के, गरीब देशांत १८.९ टक्के. आजार तोच, औषधंही बहुतेक तीच. लवकर पोचलेली ९५ टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात, अनेकांचा डोळाही वाचतो. उशीर झाला की आधी दृष्टी जाते, मग डोळा काढावा लागतो, त्यानंतर जिवावर येतं.

'महिनाभर हळद देऊन बघू' यातला तो महिना इथून जातो. हळदीचं पाणी किंवा मध थेट डोळ्यात घालणं तर त्याहून वाईट, संसर्ग वेगळाच. आणि केमो चालू असताना कर्क्युमिन-मिरीच्या गोळ्या डॉक्टरांना न सांगता देऊ नका. पाइपरिन यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच कुळातली एन्झाइम व्हिन्क्रिस्टिनचा निचरा करतात. ज्या पंपाबद्दल आपण वाचलं, तसे पंप मेंदूचं आणि आतड्याचं रक्षणही करत असतात. या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या पेशंटच्याही नोंदी आहेत.

मग बघायचं काय? फोन काढा. फ्लॅश लावून काढलेल्या बाळाच्या फोटोत दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लाल दिसत असतील तर ते ठीक. एक लाल आणि दुसरी पांढरी, पिवळसर, मांजराच्या डोळ्यासारखी चमकत असेल, तर पुन्हा दोन-तीन फोटो काढा. फोटोच्या कोनामुळेही असं होतं, मोतीबिंदूमुळेही होतं. पण ते ठरवायचं काम डोळ्यांच्या डॉक्टरचं, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासल्यावर. त्याच आठवड्यात जा. अचानक आलेला तिरळेपणाही दाखवा, 'मोठं झाल्यावर जाईल' म्हणून सोडू नका. निदान झालंच तर मुंबईत टाटा मेमोरियल, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद, चेन्नईला शंकर नेत्रालय, दिल्लीला एम्स इथे या आजारावर उपचार होतात.

आणि एका मुलाला निघाला असेल तर त्याच्या भावंडांचेही डोळे तपासून घ्या. सुमारे ४० टक्के मुलांमध्ये आरबी१ची एक बिघडलेली प्रत जन्मापासूनच शरीरातल्या पेशींमध्ये असते, आणि ती घरात आणखी कोणाकडे असू शकते.

मावशीने फॉरवर्ड डिलीट केला. त्या जागी तिने नातवाचे फ्लॅशवाले चार फोटो टाकलेत, 'बघ गं जरा,' म्हणून. दोन्ही डोळे लाल आहेत.